गिटार एक, परंपरा अनेक : चार प्रभावशाली वादकांचा तौलनिक विचार

प्रास्ताविक

गिटार हे जगभर सर्वाधिक प्रसार पावलेल्या वाद्यांपैकी एक होय. या वाद्याचे सर्वांत प्रभावशाली वादक कोण, या प्रश्नाचे उत्तर बहुधा क्रमवारीच्या स्वरूपात दिले जाते. अमेरिकेतील ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाने २००३ साली शंभर श्रेष्ठ गिटारवादकांची यादी प्रसिद्ध केली व तीत जिमी हेंड्रिक्स यांना प्रथम स्थान दिले. ही यादी मुख्यतः रॉक आणि ब्लूज या संगीतप्रकारांभोवती फिरते. युरोपीय अभिजात संगीत किंवा हिंदुस्थानी रागसंगीत यांतील गिटारवादनाचे मोल अशा मोजपट्टीने ठरविता येत नाही. निरनिराळ्या संस्कृतींतील वादकांची तुलना करावयाची तर निकषही निराळा हवा. वादकाच्या संगीतपरंपरेने वाद्याकडे कोणती मागणी केली, वाद्याच्या कोणत्या मर्यादेपाशी ती अडली आणि ती मर्यादा त्याने कशी ओलांडली, या तीन प्रश्नांच्या आधारे चार खंडांतील चार वादकांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वाद्याच्या मर्यादा

गिटारच्या रचनेतच तीन मर्यादा आहेत. पहिली, तिचा आवाज लहान असतो. दुसरी, तार छेडल्यानंतर स्वर लवकर विरतो. म्हणजेच स्वराची आस अल्प असते. तिसरी, पडद्यांमुळे सप्तकाचे बारा समान भाग कायमचे निश्चित होतात व स्वरास्वरांमधील अखंड प्रवास कठीण होतो. याखेरीज चौथी मर्यादा वाद्याच्या रचनेतील नसून सांस्कृतिक आहे. परक्या प्रदेशात वाद्य जाते तेव्हा ते वाजविण्याच्या रूढ सवयीही त्यासोबत जातात.

आंद्रेस सेगोव्हिया : सभागृहाची मागणी

स्पेनमधील लिनारेस येथे १८९३ साली जन्मलेले सेगोव्हिया बव्हंशी स्वयंशिक्षित होते. गिटार हे घरगुती बैठकीचे आणि लोकसंगीताचे वाद्य, हा समज दृढ असताना त्यांनी ते व्हायोलिन व पियानो यांच्या बरोबरीने संगीतसभागृहात नेण्याचे ध्येय ठेवले. त्यात दोन अडचणी होत्या. मोठ्या सभागृहास पुरेल असा आवाज नव्हता आणि मैफलीस पुरेल असे रचनाभांडारही तोकडे होते. पहिल्या अडचणीसाठी त्यांनी नखांच्या साह्याने भरदार नाद काढणारे वादनतंत्र विकसित केले; जर्मनीतील हेर्मान हाउझर यांच्यासारख्या कारागिरांची उत्तम वाद्ये वापरली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर आतड्याच्या तारांऐवजी नायलॉनच्या तारांचा पुरस्कार केला. दुसऱ्या अडचणीसाठी त्यांनी बाखच्या रचना गिटारसाठी रूपांतरित केल्या आणि मानुएल पोन्से, होआकिन रोद्रिगो आदी रचनाकारांना गिटारसाठी लिहिण्यास प्रवृत्त केले. १९८७ साली त्यांचे निधन झाले, तोवर अभिजात गिटारला स्वतंत्र प्रतिष्ठा लाभली होती. मात्र या प्रतिष्ठेच्या आग्रहापोटी फ्लामेंको व विद्युत गिटार यांविषयी त्यांची भूमिका प्रतिकूल राहिली, हेही नोंदविले पाहिजे.

जिमी हेंड्रिक्स : आस आणि विद्युत

विद्युत गिटारमुळे आवाज लहान असण्याची अडचण दूर झाली होतीच. सिॲटल येथे १९४२ साली जन्मलेल्या हेंड्रिक्स यांनी पुढचा प्रश्न हाताळला. ध्वनिवर्धक हे केवळ आवाज वाढविण्याचे साधन न मानता त्यांनी त्यास वाद्याचाच भाग मानले. ध्वनिक्षेपकातून बाहेर पडणारा मोठा नाद तारेला पुन्हा कंपित करतो, ते कंपन गिटारवरील ग्राहक टिपतो आणि तेच पुन्हा ध्वनिक्षेपकाकडे जाते. या चक्रामुळे स्वर विरत नाही. इतरांना दोष वाटणारी ही घटना त्यांनी नियंत्रणाखाली आणली. डावखुरे असल्याने उजव्या हाताची गिटार उलटी धरून, तिच्या तारांचा क्रम बदलून ते वाजवीत. १९६६ साली ते लंडनला गेले आणि १९६७ मध्ये त्यांचा पहिला ध्वनिमुद्रिकासंच प्रसिद्ध झाला. ऑगस्ट १९६९ मधील वुडस्टॉक महोत्सवात त्यांनी अमेरिकेचे राष्ट्रगीत गिटारवर वाजविले. व्हिएतनाम युद्धाच्या त्या काळात विकृत केलेल्या नादांतून अनेक श्रोत्यांना बॉम्बस्फोटांचा भास झाला. तंत्र येथे आशयाचे वाहन झाले. १९७० साली, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

अली फार्का तुरे : परक्या वाद्याचे स्वकीयीकरण

पश्चिम आफ्रिकेतील माली या देशात १९३९ साली जन्मलेल्या तुरे यांचा हात प्रथम एकतारी स्थानिक तंतुवाद्यांवर बसला. गिटार त्यांच्याकडे नंतर आली. त्यांच्यापुढील मर्यादा वाद्याच्या सवयीची होती. गिटार म्हणजे स्वरसंघातांची साथ, ही रूढी बाजूस ठेवून त्यांनी आधारस्वरावर वारंवार परतणारी, पंचस्वरी वळणाची स्वरावली तिच्यावर वाजविली. सोंघाय, फुला आदी समाजांच्या संगीतास त्यातून नवे माध्यम मिळाले. पाश्चात्त्य समीक्षक त्यांची तुलना अमेरिकन ब्लूज गायक जॉन ली हुकर यांच्याशी करीत. परंतु ब्लूजचे मूळच आपल्या भूमीत आहे, असे तुरे यांचे प्रतिपादन होते. राय कूडर यांच्यासमवेतच्या १९९४ मधील ‘टॉकिंग टिंबक्टू’ या संचास ग्रॅमी पुरस्कार लाभला. तरीही नायजर नदीकाठच्या निआफुंके या गावाशी व शेतीशी त्यांचे नाते २००६ साली निधन होईपर्यंत टिकून राहिले.

ब्रिजभूषण काब्रा : मींडेची अट

रागसंगीतात स्वरांइतकेच स्वरांमधील अंतराला महत्त्व असते. मींड नसेल तर अनेक रागांचे रूपच उभे राहत नाही. स्थिर स्वरांविषयीचा असाच आक्षेप हार्मोनियमवर घेतला जात असे आणि १९४० साली ऑल इंडिया रेडिओने त्या वाद्यावर बंदी घातली, तीमागे हेही एक कारण होते. पडद्यांच्या गिटारला हीच आडकाठी होती. १९३७ साली जोधपूर येथे जन्मलेल्या काब्रा यांनी हवाई बेटांवरील पद्धत स्वीकारली. या पद्धतीत गिटार आडवी ठेवून तारांवरून धातूची कांडी सरकवितात. तारा पडद्यांपासून उंच केल्यामुळे पडदे निरुपयोगी ठरतात व अखंड मींड शक्य होते. चिकारीची जोड देऊन त्यांनी झाल्याचीही सोय केली. त्यांचे गुरू सरोदवादक अली अकबर खाँ; त्यामुळे गिटारवर आले ते सरोदच्या अंगाचे वादन. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेतच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (१९६७) या ध्वनिमुद्रिकेने हे वादन सर्वदूर पोहोचले. शिष्य देबाशिष भट्टाचार्य यांनी ही वाट पुढे नेली. काब्रा यांचे निधन २०१८ साली झाले.

तुलना व निष्कर्ष

या चौघांत एक साम्य ठळक आहे. ज्या प्रकारच्या गिटारवादनासाठी ते ओळखले गेले, ते वादन शिकविणारी सिद्ध परंपरा त्यांना आयती मिळाली नव्हती. काब्रा यांना समर्थ गुरू लाभले, पण तेही सरोदचे. भेद आहे तो प्रभाव पसरण्याच्या मार्गांत. सेगोव्हिया यांचा प्रभाव लिखित रचना व अध्यापनातून, हेंड्रिक्स यांचा ध्वनिमुद्रणातून, तुरे यांचा प्रादेशिक संगीताला मिळालेल्या आत्मविश्वासातून आणि काब्रा यांचा गुरुशिष्यपरंपरेतून पुढे गेला. प्रत्येक उत्तराची किंमतही मोजावी लागली. कांडीने मींड साधते, पण स्वरसंघातांचे वैविध्य आटते. ध्वनिवर्धकाने आस लांबते, पण वादक विद्युतसामग्रीवर अवलंबून राहतो.

म्हणून श्रेष्ठ कोण, हा प्रश्न येथे गैरलागू ठरतो. चौघांनी चार वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली आहेत. त्यांना एकाच रांगेत उभे केल्यास त्यांपैकी तिघांचे प्रश्न दृष्टीआड होतात. वाद्य प्रवास करते, पण त्याने काय बोलावे हे त्या त्या भूमीचे संगीत ठरविते. संगीताच्या तौलनिक अभ्यासात गुणानुक्रमाऐवजी या मागणीचा शोध घेणे अधिक फलदायी ठरेल.