दुर्बीण दुसऱ्याची, नजर आपली

बेहालातल्या गच्चीवरून हिवाळ्यात मृग आणि रोहिणी सहज ओळखता येतात. त्याहून अंधुक असे बरेच काही मात्र डायमंड हार्बर रोडच्या दिव्यांत आणि कोलकात्याच्या धुरकट हवेत हरवते. अशा वस्तीत राहणाऱ्या हौशी माणसाने लघुग्रह शोधायचा तरी कसा?

विष्णू रेड्डी यांनी तो आपल्या गच्चीवरून शोधला नव्हता. भारतात पत्रकारिता करणारा हा आकाशवेडा माणूस अमेरिकेत पोहोचला. अॅरिझोनातल्या टुसॉन इथे रॉय टकर यांच्या गुडरिक-पिगॉट वेधशाळेतून ४ जुलै २००२ रोजी त्यांना एक लघुग्रह सापडला. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातला. त्याला तात्पुरते नाव मिळाले २००२ एनटी; 'एन' म्हणजे जुलैचा पहिला पंधरवडा आणि 'टी' म्हणजे त्या पंधरवड्यातला एकोणिसावा, कारण या मोजणीत 'आय' हे अक्षर घेत नाहीत. आज तो ७८११८ भारत म्हणून ओळखला जातो. रेड्डी पुढे याच विषयातले व्यावसायिक शास्त्रज्ञ झाले.

शोधाची रीत साधी आहे, चिकाटी मात्र मोठी लागते. आकाशाच्या एकाच तुकड्याची काही मिनिटांच्या अंतराने छायाचित्रे घेतात. तारे जागच्या जागी राहतात, एखादा ठिपका सरकतो. प्रतियुतीच्या, म्हणजे पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या विरुद्ध बाजूला असण्याच्या, सुमारास मुख्य पट्ट्यातला लघुग्रह दिवसाला साधारण पाव अंश सरकतो. म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीएवढे अंतर कापायला त्याला दोन दिवस लागतात. पण सरकता ठिपका दिसला म्हणजे शोध पुरा झाला असे नाही. कित्येक वर्षांची निरीक्षणे जमून कक्षा पक्की झाली की क्रमांक, आणि मगच नाव.

दुसऱ्याच्या दुर्बिणीवर काम करण्याची परंपरा बंगालला नवी नाही. जेसोरच्या कोषागारात नोकरी करणारे राधागोविंद चंद्र रूपविकारी ताऱ्यांची इतकी नेमाने नोंद करत, की अमेरिकेतल्या निरीक्षकांच्या संघटनेने त्यांच्यासाठी सहा इंची दुर्बीण धाडली. फाळणीनंतर ते कोलकात्याजवळच्या बारासातला स्थायिक झाले.

आता तर दुर्बीण हलवावीही लागत नाही. हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीची छायाचित्रे 'इंटरनॅशनल अॅस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबरेशन'मार्फत विद्यार्थ्यांच्या आणि हौशी मंडळींच्या संगणकावर येतात. भारतातली अनेक मुले त्यांत सरकते ठिपके शोधतात. बेहालातल्या मुलांनाही त्यासाठी काळेभोर आकाश लागणार नाही.

ज्यांना लघुग्रह स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा आहे त्यांनी वेस्टापासून सुरुवात करावी. प्रतियुतीला त्याची तेजस्विता सहाव्या प्रतीच्या आसपास असते, म्हणून गच्चीवरून दहा बाय पन्नासची द्विनेत्रीही पुरते. नकाशात त्याची जागा हेरावी, तिथले तारे वहीत टिपावेत आणि दोन-तीन रात्रींनी पुन्हा पाहावे. जागा बदललेला ठिपका वेस्टाचा.