विहिरीच्या वाटेवरची वाळू

मृगाचा पाऊस परभणीच्या काळ्या रानात पडतो तेव्हा सुरुवातीला पाणी दिसतच नाही. उन्हाळ्यात हात कोपरापर्यंत जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात, त्या सगळं पिऊन टाकतात. मग चिकणमाती फुगते, भेगा मिटतात आणि तीच जमीन पाणी आत घेईनाशी होते. त्यानंतरचा जोराचा पाऊस मातीसकट उताराला लागतो. ओघळीतून ओढ्याला, ओढ्यातून दुधनेला, पूर्णेला नाहीतर थेट गोदावरीला. आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याच शिवारातली विहीर तळ दाखवते.

हे वाहून जाणारं पाणी किती असतं? एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. एकरात साधारण 4,047 चौरस मीटर. एखाद्या दिवशी 50 मिलिमीटर पाऊस झाला, तर एकरावर दोन लाख लिटर पाणी पडलं. त्यातला पाचवा हिस्सा वाहून गेला असं धरलं तरी 40 हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर. एका एकरातून, एका पावसात.

हे पाणी विहिरीकडे वळवण्याची रीत परभणीच्या कृषी विद्यापीठाने (स्थापना 1972, आजचं नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) आपल्या कोरडवाहू शेती संशोधनातून शेतकऱ्यांपुढे ठेवली आहे. विहीर पुनर्भरण म्हणतात ते हेच. ऐकायला सोपं आहे, पण खरं काम पाणी आणण्यात नाही, ते गाळण्यात आहे.

का, ते घरी पाहता येतं. शेतातून वाहणारं गढूळ पाणी काचेच्या ग्लासात भरून खिडकीत ठेवा. वाळू काही सेकंदांत तळाला बसते. पोयटा थोडा वेळ घेतो. चिकणमाती मात्र तरंगत राहते. तिचा दोन मायक्रॉनचा कण दहा सेंटिमीटर खाली यायला जवळजवळ आठ तास घेतो आणि त्याहून बारीक कण दुसऱ्या दिवशीही पाण्यात असतात. हे पाणी तसंच विहिरीत सोडलं, तर गाळ झऱ्यांच्या तोंडाशी जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षं वाहणारा झरा बंद होतो. भरायला गेलेली विहीर आपणच बुजवली, असं होतं.

म्हणून पाणी टप्प्याटप्प्याने आणायचं. शेताच्या सखल कोपऱ्यातून चर काढायचा आणि चराच्या तोंडाशी गवत राहू द्यायचं. हा टप्पा बिनखर्चाचा असल्यामुळे लोक तो सोडून देतात, पण गवतामुळे पाण्याचा वेग मोडतो आणि निम्मी लढाई तिथेच होते. पुढे एक छोटी टाकी, जिच्यात पाणी थबकतं आणि जड गाळ तळाला बसतो. वरचं पाणी पाइपमधून मोठ्या गाळण टाकीत पडतं. तिच्यात तळाशी मोठे दगड, त्यावर लहान दगड, मग खडी आणि सगळ्यात वर वाळू. पाणी वरून खाली झिरपतं आणि तळाच्या पीव्हीसी पाइपने विहिरीत उतरतं. पाइपचं तोंड विहिरीच्या काठापासून आत पुढे काढायचं. नाहीतर धार भिंतीवर पडून मुरूम ढासळतो.

विहिरीत उतरलेलं पाणी तिथेच थांबत नाही. आपल्याकडचा खडक बेसाल्ट. सलग बेसाल्टात पाणी फारसं मावत नाही. ते मावतं झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या सांध्यांत. शंभर घनमीटर मुरमातून जेमतेम एक ते तीन घनमीटर पाणी हाती लागतं. म्हणजे जागा थोडी. पण त्यामुळेच थोडं पाणी मुरलं तरी पातळी चांगली चढते, आणि ती शेजारच्या विहिरीतही दिसते.

पातळी चढली की विजेचा हिशोब बदलतो. हजार लिटर पाणी शंभर मीटर उचलायला निव्वळ पाव युनिटहून थोडी जास्त वीज लागते, आणि पंपातली गळती धरली तर त्याच्या दुपटीहून अधिक. तेच पाणी दहा मीटरवर असेल तर दहावा हिस्सा पुरतो. खोल बोअर घेण्याआधी जुन्या विहिरीकडे पाहावं, असं मला मनापासून वाटतं ते यासाठी.

दोन गोष्टी मात्र कधी विसरायच्या नाहीत. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत शेताचं पाणी सोडायचं नाही, कारण वाळू गाळ अडवते, पाण्यात विरघळलेलं खत आणि फवारणीचं औषध अडवत नाही. घराच्या छताचं पाणी त्या मानाने बरं. तेही पहिल्या पावसाचं बाहेर सोडून मगच घ्यायचं. आणि पहिल्या धुवाधार पावसाचं शेतातलं पाणीही चराला बगल देऊन जाऊ द्यायचं, कारण सगळ्यात जास्त माती त्याच्यातच असते.

मे महिन्यात गाळण टाकीत उतरून पाहिलं तर वाळूवर बोटभर काळी साय धरलेली असते, वाळून तडकलेली. तेवढी खोऱ्याने खरवडून काढायची, वाळू धुऊन परत पसरायची. काढलेली माती बांधावर टाकू नये. ती शेतातलीच आहे, शेतातच पसरावी.