जागतिक वारशाचा अभ्यास : चार प्रश्न आणि भीमबेटका

पांढुर्णा किंवा सौंसरच्या विद्यार्थ्याला जागतिक वारसास्थळांचे जतन व व्यवस्थापन हा विषय आज घरबसल्या अभ्यासता येतो. युनेस्कोच्या जागतिक वारसा केंद्राच्या संकेतस्थळावर स्थळांचे प्रस्ताव, मूल्यमापन, नकाशे आणि समितीचे निर्णय विनामूल्य वाचायला मिळतात. कागद पुष्कळ असल्याने चार प्रश्न हाताशी ठेवून वाचावे.

उदाहरण आपल्याच प्रदेशातले घेऊ. भीमबेटकाचे चित्रित शैलाश्रय विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ मध्ये उजेडात आणले. २००३ मध्ये त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

पहिला प्रश्न : हे स्थळ मोलाचे का? यादीसाठी दहा निकष आहेत. भीमबेटका तिसऱ्या व पाचव्या निकषावर निवडले गेले. चित्रांतील शिकारी व अन्नसंकलक जीवनाच्या खुणा भोवतालच्या २१ गावांच्या परंपरांत आढळतात, असे नोंदीत म्हटले आहे. म्हणजे वारसा केवळ खडकावर नाही, गावांतही आहे.

दुसरा : सीमा कोठवर? मुख्य क्षेत्र १,८९३ हेक्टर, तर भोवतालचे संरक्षक क्षेत्र १०,२८० हेक्टर आहे.

तिसरा : सांभाळतो कोण? शैलाश्रय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, जंगल वनविभागाकडे. दोघांचा मेळ बसणे हेच व्यवस्थापन.

चौथा : धोका कशाचा? हंपी नव्या पुलांच्या बांधकामामुळे १९९९ मध्ये धोक्यातील वारशाच्या यादीत गेले आणि उपाययोजनांनंतर २००६ मध्ये बाहेर आले. हे निर्णय क्रमाने वाचले की विषय नीट उलगडतो.

हे साहित्य बहुतांशी इंग्रजीत आहे. मराठीत आणताना शब्द जपून वापरावे लागतात. ‘जीर्णोद्धार’ म्हणजे मोडलेले पुन्हा उभारणे. ‘जतन’ म्हणजे उरलेले आहे तसे टिकवणे. फिकट चित्रावर नवा रंग चढवला, तर चित्र उजळेल. पण पुरावा पुसला जाईल. शब्द चुकला तर कामही चुकते.

शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातील गोंड राजांचा देवगड किल्ला जागतिक यादीत नाही. पण हेच चार प्रश्न त्यालाही विचारता येतात. विद्यार्थ्यांनी किल्ला पाहून, आसपासच्या गावकऱ्यांशी बोलून उत्तरे मराठीत लिहावीत. कागदावरची व्यवस्था प्रत्यक्षात कितपत उतरली, हे शेवटी तिथे जाऊनच कळते.