ज्येष्ठांसह नीसच्या किनारी : आधी वेळ, मग स्थळ

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस हे शहर आज उन्हाळी सहलींसाठी प्रसिद्ध असले, तरी मुळात ते हिवाळी विश्रांतीचे गाव. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील श्रीमंत कुटुंबे थंडी चुकवण्यासाठी येथे येत. पंच्याहत्तरी गाठलेली राणी व्हिक्टोरिया १८९५ ते १८९९ अशी सलग पाच वर्षे येथील सिमिए भागात मुक्कामाला आली, तीही वसंत ऋतूत. घरातील ज्येष्ठांना सोबत नेणाऱ्यांनी यातून एवढे घ्यावे : काय पाहायचे याआधी केव्हा जायचे, हे ठरवावे.

आपल्याकडील शाळांच्या सुट्टीचा मे महिना त्या दृष्टीने उत्तम. तेव्हा नीसचे दुपारचे तापमान साधारण २० ते २२ अंश सेल्सिअस असते. जुलै-ऑगस्टमध्ये ते २७-२८ अंशांवर जाते, रात्रीही उकाडा राहतो आणि उष्णतेची लाट आल्यास पारा आणखी चढतो. विदर्भातील ४५ अंश सोसलेल्यांना हे आकडे किरकोळ वाटतील. परंतु घरी आपले रक्षण करते ती केवळ सवय नव्हे, तर दिनचर्या : ओढलेले पडदे, डोक्यावरचा पंखा, ताक आणि वामकुक्षी. प्रवासात नेमकी तीच मोडते. ऑगस्ट २००३ मधील उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसे दगावली. त्यांत बहुसंख्य वृद्ध होते.

वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते आणि घामही कमी येतो. रक्तदाबासाठी घेतल्या जाणाऱ्या, लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे शरीरातील पाणी व क्षार आणखी घटू शकतात. उलट, हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यावे लागते, त्यांना ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला लागू पडत नाही. म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून पाण्याचे प्रमाण व औषधांच्या वेळा लिहून घ्याव्यात. गोळ्या परस्पर बंद करू नयेत. उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, हे इन्सुलिन घेणाऱ्यांनी आवर्जून सांगावे. औषधे व त्यांची चिठ्ठी हातातील पिशवीतच असावी.

दिवसाची आखणी सोपी आहे. सकाळी कूर सालेया या बाजारात फेरफटका मारावा. चण्याचे पीठ व ऑलिव्ह तेलाचा ‘सोका’ तेथे मिळतो; तो आपल्या बेसनाच्या धिरड्याचा भाऊबंदच. ‘प्रोमेनाद देझांग्ले’ हा समुद्रकाठचा सुमारे ७ किलोमीटरचा रस्ता सपाट आहे आणि बसायला निळ्या खुर्च्याही आहेत. किनाऱ्यावर मात्र वाळू नसून गोटे आहेत. तेथे तोल जातो, म्हणून घट्ट बसणारे, न घसरणारे बूट आणि आधाराचा हात हवा. किल्ल्याच्या टेकडीवर जाण्यासाठी लिफ्ट आहे. पायऱ्यांचा हट्ट नको. अकरानंतर खोलीवर परतावे. जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळे दुपार विश्रांतीत गेली तरी सायंकाळ पुरेपूर उरते.

खोली घेताना लिफ्ट, वातानुकूलन आणि न्हाणीघरातील आधाराचा दांडा यांची लेखी खात्री करावी. जुन्या इमारतींत या सोयी असतीलच असे नाही. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास आरोग्यविमा आवश्यक असतो; त्यात आधीपासूनच्या आजारांचा समावेश आहे का, हे वाचून पाहावे. औषधांचे दुकान हिरव्या क्रॉसवरून ओळखता येते. आपत्कालीन क्रमांक ११२. उन्हात असताना बोलण्यात असंबद्धता आली, अंग तापले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तत्काळ तो फिरवावा. मदत येईपर्यंत रुग्णाला सावलीत न्यावे, अंग ओल्या कापडाने पुसून वारा घालावा. शुद्ध नसल्यास तोंडात पाणी घालू नये.

शेवटी, काळजी घेणाऱ्यांचाही विचार हवा. ज्येष्ठांची दुपार खोलीत जाणार, म्हणजे कुणीतरी त्यांच्याजवळ थांबणार. ते काम रोज सुनेकडे किंवा लेकीकडे येऊ नये. तिकिटे काढतानाच घरातल्यांनी पाळ्या ठरवून घ्याव्यात : आज मुलगा थांबेल, उद्या नातू. मग प्रत्येकाच्या वाट्याला किमान एक दुपार समुद्राची येईल.