बाळाची ऊब आणि बाळाचा श्वास

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होऊ लागले की निफाड आणि महाबळेश्वरचे तापमान वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येऊ लागते. निफाडला तर काही वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली उतरलेला आहे. अशा दिवसांत घरात महिना-दोन महिन्यांचे बाळ असले, की त्याच्या पांघरुणाचा निर्णय बहुधा आजींकडे येतो. सूनबाई किंवा लेक मोबाईलवर वाचून सांगते, ‘बाळावर गोधडी घालायची नाही.’ आजींना वाटते, आपण चार लेकरे वाढवली ती काय उघडी ठेवून? हा वाद दर हिवाळ्यात माझ्या दवाखान्यापर्यंत येतो. सासू-सुनेच्या वादात डॉक्टरने पडू नये हे खरे. पण येथे दोघींच्याही म्हणण्यात तथ्य आहे. बाळाला थंडीपासून जपलेच पाहिजे, आणि जपण्याच्या नादात त्याचा श्वास कोंडता कामा नये.

प्रथम थंडीचे पाहू. वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचा पसारा मोठ्या माणसापेक्षा कितीतरी अधिक असतो, त्यामुळे त्याच्या अंगातली उष्णता झपाट्याने निघून जाते. आपल्याला हुडहुडी भरते आणि त्या थरथरण्यातून ऊब निर्माण होते. नवजात बाळाला ती सोय जवळजवळ नसतेच. त्याच्या मानेभोवती, खांद्याच्या पात्यांमध्ये आणि मूत्रपिंडांभोवती एक विशेष तपकिरी चरबी असते. ती जाळून ते ऊब मिळवते. मात्र त्यासाठी प्राणवायू आणि साखर दोन्ही खर्ची पडतात. ही पुंजी संपत आली की बाळ मलूल होते, दूध ओढत नाही आणि रडतही नाही. धोका नेमका येथेच आहे. गारठलेले बाळ आकांत करीत नाही. ते गप्प पडून राहते आणि घरातल्यांना वाटते, आज कसे छान झोपले आहे!

म्हणून रात्री एकदा-दोनदा उठून हाताने पाहावे. आपला हात आधी चोळून कोमट करावा. मग हाताची पाठ बाळाच्या पोटाला लावावी आणि नंतर तळपायाला. पोट आणि पाय दोन्ही उबदार असतील तर निश्चिंत असावे. नवजात बाळाचे पोट उबदार पण पाय गार असतील, तर बाळाला थंडी वाजू लागली आहे. दोन्ही गार असतील तर ती तातडीची बाब समजावी. उलट मानेमागे घाम आणि छाती तापलेली लागली, तर कपडे जास्त झाले आहेत. एक थर कमी करावा. घरात थर्मामीटर असल्यास काखेतले तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस (९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट) असावे.

कपडे किती घालावेत? त्या खोलीत आपण स्वतः जितके थर घालून सुखाने बसतो, त्याहून एक अधिक. अंगाला सुती झबले, त्यावर लोकरीचे किंवा फ्लॅनेलचे, पायात मोजे. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ थर बरे, कारण थरांमध्ये अडकलेली हवाच खरी ऊब धरते. ओला लंगोट मात्र क्षणभरही राहू देऊ नये. बाकी सारा बंदोबस्त त्याने वाया जातो. टोपडे नवजात बाळाला थंड खोलीत उपयोगी पडते, पण ते नीट बसणारे, बंद नसलेले आणि नाकावर न घसरणारे असावे. खोली पुरेशी उबदार असेल तर झोपताना तेही काढावे. कुंची अतिशय देखणी असते. ती बाळाला अंगाखांद्यावर घेऊन मिरवताना घालावी. झोपेत हनुवटीखालचे बंद आवळतात.

गोधडीबद्दल आता स्पष्ट लिहितो. जुन्या लुगड्यांची मऊ गोधडी ही मायेची वस्तू आहे. पण झोपेत ती तोंडावर आली तर ती बाजूला सारण्याचे बळ दोन महिन्यांच्या हातांत नसते. रजई, मऊ उशी, तक्क्या आणि डोके गोल व्हावे म्हणून ठेवतात ती मोहरीची उशी, यांतले काहीही झोपलेल्या बाळाजवळ नको. मग ऊब कशी राहील? ज्या आजींना शिवणाची हौस आहे त्यांच्यासाठी एक काम सुचवतो: बिनबाह्यांचे, खालून बंद असे फ्लॅनेलचे पिशवीवजा झबले शिवावे. गळा इतकाच असावा की डोके आत सरकणार नाही, आणि खाली पाय हलवायला ऐसपैस जागा असावी. पांघरूण अंगावरच राहते, तोंडावर येत नाही. दुपट्यात गुंडाळायचे झाल्यास पाय सरळ ताणून आवळू नयेत, त्याने खुब्याच्या सांध्याला इजा होते. आणि बाळ कूस वळवू पाहू लागले की गुंडाळणे बंद करावे.

झोपवायचे ते उताणेच, घट्ट आणि सपाट अंथरुणावर. उताण्या बाळाची गुळणी घशात जाईल ही भीती अनेक आजी बोलून दाखवतात. शरीररचना पाहता उताण्या स्थितीत श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते, त्यामुळे वर आलेले दूध श्वासनलिकेत चढणे अवघडच. अमेरिकेत १९९४ पासून बाळांना उताणे झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि झोपेत अचानक होणारे बालमृत्यू पुढे निम्म्याहून कमी झाले. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते. रात्रभरासाठी ती नको.

सर्वांत अधिक काळजी शेगडीची. बाळंतिणीच्या खोलीत निखारे ठेवून ओवा, बाळंतशेपा, वावडिंगाची धुरी देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पूर्वीच्या कौलारू घरांना फटी होत्या. आजच्या फ्लॅटच्या खिडक्या घट्ट मिटतात. धुमसत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि त्या गुंगीत उठून दार उघडण्याचे भानही राहत नाही. ‘धूर कुठे आहे?’ असे विचारू नये. धूर दिसत नसतानाही हा वायू असतो. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपणे कोणत्याही कारणासाठी नको. बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू ठेवून बाळाला न्हाऊ घालणेही तितकेच घातक. विजेचा हीटर बाळापासून दूर, खिडकी किंचित किलकिली ठेवून, झोपण्यापूर्वी खोली गरम करण्यापुरता वापरावा. गरम पाण्याच्या पिशवीने अंथरूण ऊबवावे. बाळाला ठेवण्यापूर्वी पिशवी काढून घ्यावी.

कापूर-ओव्याची पुरचुंडी, छातीला चोळायचा बाम आणि ‘अंगात ऊब यावी म्हणून’ ब्रँडीचा थेंब हे तिन्ही टाळावे. कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना आकडी येते.

सर्वांत चांगली शेगडी माणसाची छाती. १९७८ च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा शहरात इन्क्युबेटर अपुरे पडू लागले, तेव्हा डॉक्टर एडगर रे यांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास सुरुवात केली. कांगारू पद्धत म्हणून ती आता जगभर वापरली जाते. बाळाला फक्त लंगोट आणि टोपडे, त्वचेला त्वचा, वरून दोघांना मिळून शाल. बाळाचे तोंड एका बाजूला वळलेले आणि उघडे. हे आजी करू शकतात, आजोबाही करू शकतात. अट एकच: धरणारी व्यक्ती जागी हवी.

रात्री बाळाने आईच्या खोलीत, शक्यतो स्वतःच्या अंथरुणावर झोपावे. कुशीत घेणे टळत नसेल तर घट्ट गादीवर, स्वतंत्र कपड्यांत. दोघांवर एक रजई नको, आणि सोफ्यावर तर मुळीच नको. हे पुढचे वाक्य थेट आपल्यासाठी, आजी-आजोबा: झोपेची गोळी किंवा सर्दीचे गुंगी आणणारे औषध घेत असाल, तर नातवंडाला शेजारी घेऊन झोपू नये. हौस दिवसा भागवावी.

पोट आणि पाय दोन्ही गार लागले, किंवा काखेतले तापमान ३६ अंशांखाली गेले, तर ओले कपडे काढून बाळाला लगेच छातीशी घ्यावे, दूध ओढत असेल तर पाजावे आणि १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. बाळ दूध ओढत नसेल, उठवून उठत नसेल, किंवा श्वास मिनिटाला ६० वा अधिक असतील, तर तापमान कितीही असो, सकाळची वाट पाहू नये. रुग्णालयात जाताना बाळाला दुपट्यात गुंडाळून मांडीवर ठेवण्याऐवजी वाटभर छातीशीच धरावे.