वसई येथील ख्रिस्ती चर्च

महाराष्ट्र राज्याच्या पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्यात नांदत असलेला रोमन कॅथलिक धर्मसमाज व त्याची उपासनामंदिरे. ‘चर्च’ या शब्दाने सामान्यतः उपासनेची वास्तू सूचित होत असली, तरी ख्रिस्ती परिभाषेत त्याचा मूळ अर्थ ‘श्रद्धावंतांची मंडळी’ असा आहे. वसईच्या इतिहासात हे दोन अर्थ एकमेकांपासून स्पष्टपणे वेगळे झालेले दिसतात. परकीय सत्तेने किल्ल्यात उभारलेल्या भव्य वास्तू त्या सत्तेबरोबरच ओस पडल्या. परंतु किल्ल्याबाहेरील बागायतदारांची व कोळ्यांची मंडळी मात्र टिकून राहिली. या मंडळीचा इतिहास म्हणजेच वसईच्या चर्चचा खरा इतिहास होय.

पूर्वपीठिका : वसईनजीकचे सोपारा (प्राचीन शूर्पारक) हे पश्चिम किनाऱ्यावरील महत्त्वाचे बंदर होते. सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे अवशेष येथे सापडले आहेत. पश्चिम आशियाशी असलेल्या व्यापारामुळे उत्तर कोकणात ख्रिस्ती लोकांचे येणेजाणे पोर्तुगीजांपूर्वी कित्येक शतके चालू होते. सहाव्या शतकातील प्रवासी कॉझ्मस याने ‘कल्लिआना’ येथे इराणमधून नेमलेला बिशप असल्याचे नमूद केले असून, हे स्थळ म्हणजे आजचे कल्याण असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. १३२१ मध्ये तोलेंतिनोचा टॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्रिअस हे चौघे ठाणे येथे मारले गेले. ते तेथील एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरले होते. त्यांचा सहकारी डोमिनिकन धर्मगुरू जोर्डानस याने त्यांचे मृतदेह सोपाऱ्यास पुरले व पुढे ओडोरिक या प्रवाशाने त्यांच्या अस्थी चीनमध्ये नेल्या. तथापि या आद्य ख्रिस्ती वस्तीपासून आजच्या चर्चपर्यंत अखंड परंपरा दाखविता येत नाही. आजच्या चर्चचा आरंभ सोळाव्या शतकात झाला.

पोर्तुगीज कालखंड : २३ डिसेंबर १५३४ रोजी झालेल्या तहान्वये गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने वसई व आसपासचा प्रदेश पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. त्यानंतर फ्रान्सिस्कन धर्मगुरू अंतोनिओ दो पोर्तो याने या भागात धर्मप्रसारास प्रारंभ केला. सेंट फ्रान्सिस झेव्हिअर याने १५४४ व १५४८ मध्ये वसईस भेट दिली. फ्रान्सिस्कनांपाठोपाठ जेझुइट, डोमिनिकन व ऑगस्टिनियन संघांनी येथे आपापले मठ व चर्चे उभारली. वसई ही पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी असल्याने किल्ल्यातील वास्तू विशेष भव्य होत्या. सेंट जोसेफ या मुख्य चर्चच्या प्रवेशद्वारावरील लेखात १६०१ मध्ये झालेल्या त्याच्या पुनर्बांधणीचा उल्लेख आहे.

या काळातील धर्मांतरे एकाच रीतीने घडली नाहीत. धर्मगुरूंचा उपदेश आणि सेवाकार्य यांबरोबरच राज्यकर्त्यांच्या सवलती, नोकरीची प्रलोभने व प्रत्यक्ष दडपण हीही त्यांमागील कारणे होती. अनेक मंदिरे पाडण्यात आली, तसेच अनाथ मुलांना ख्रिस्ती धर्मात वाढविण्याचे नियम करण्यात आले. गोव्याच्या धर्मन्यायपीठाचा प्रतिनिधी वसईत असे. चर्चच्या इतिहासाचे हे अंग नजरेआड करता येत नाही.

तथापि धर्म बदलला, तरी लोकांची भाषा आणि जीवनपद्धती मोठ्या प्रमाणात तशीच राहिली. सामवेदी (कुपारी) समाजाची कादोडी ही बोली आणि वाडवळ समाजाची वाडवळी ही बोली हिंदू व ख्रिस्ती दोघेही बोलत आले आहेत. पोर्तुगीज आडनावे धारण करणारी ही कुटुंबे केळी व पानवेलींच्या बागा करीत राहिली. राजेळी जातीच्या केळ्यांपासून होणारी सुकेळी हे या बागायतीचे प्रसिद्ध उत्पादन होय. ख्रिस्ती स्त्रियांच्या पारंपरिक पोशाखात लाल लुगडे टिकून राहिले. धर्मशिक्षणासाठीही लोकभाषेचा आश्रय घ्यावा लागला. फ्रान्सिस्कू वाझ द गिमारांइश या धर्मगुरूचे येशूच्या दुःखसहनावरील पुराण (१६५९) उत्तर कोकणच्या मराठी बोलीत रचलेले आहे. उलट, ‘रेमेदिओस’ या पोर्तुगीज शब्दाचे लोकांच्या तोंडी ‘रमेदी’ असे रूप झाले आणि त्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मारिया मातेच्या चर्चला हिंदू भाविकही नवस बोलू लागले.

याच काळातील वसईचा सुपुत्र सेंट गोन्सालो गार्सिया (सु. १५५७–९७) याचे वडील पोर्तुगीज, तर आई स्थानिक होती. जेझुइट धर्मगुरूंबरोबर तो जपानला गेला व तेथील भाषेत पारंगत झाला. काही काळ व्यापार केल्यावर मानिला येथे त्याने फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला आणि दुभाषी म्हणून तो पुन्हा जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्याला इतर पंचवीस जणांसह क्रूसावर मृत्युदंड देण्यात आला. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्याला संतपद दिले. कॅथलिक चर्चमध्ये संतपद लाभलेला तो भारतात जन्मलेला पहिला पुरुष होय.

मराठी अंमल व नंतरचा काळ : मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पा यांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसईचा किल्ला जिंकला. शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना धर्माचरणाची मोकळीक ठेवण्यात आली होती. पोर्तुगीज सरदार घराणी व यूरोपीय धर्मगुरू निघून गेले आणि किल्ल्यातील चर्चे उजाड झाली. तेथील घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर नेण्यात आल्या. भीमाशंकर, नाशिकचे नारोशंकर मंदिर इ. ठिकाणी अशा घंटा आढळतात.

चर्चच्या दृष्टीने हा कसोटीचा काळ होता. राजाश्रय नाहीसा झाला होता. मठांची उत्पन्ने बंद पडली होती. पूर्वजांचे धर्मांतर केवळ सत्तेच्या आधारावर टिकले असते, तर ती सत्ता गेल्यावर ते ओसरणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात बहुसंख्य कुटुंबे आपल्या धर्मात स्थिर राहिली. गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधिकाराखाली एतद्देशीय धर्मगुरू गावोगावच्या मंडळींची सेवा करू लागले. परक्या राजवटीत स्थापन झालेले चर्च अशा प्रकारे खऱ्या अर्थाने स्थानिक झाले, ते मराठ्यांच्या अमलात.

१८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात येऊन वसईवर इंग्रजांचा अंमल कायम झाला. एकोणिसाव्या शतकात गावांतील चर्चांचा जीर्णोद्धार व विस्तार झाला आणि धर्मग्रामांच्या शाळा वाढल्या. १८८६ मध्ये वसईचा भाग नव्या दमण धर्मप्रांतात गेला व १९२८ मध्ये तो मुंबईच्या महाधर्मप्रांतास जोडण्यात आला.

मराठीकरण : दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) उपासनेत लोकभाषांच्या वापरास मान्यता दिल्यानंतर लॅटिनची जागा मराठीने घेतली. तत्पूर्वीच, १९५५ पासून, वसईतून सुवार्ता हे मराठी मासिक प्रसिद्ध होऊ लागले होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांच्या संपादनाखाली ते ख्रिस्ती समाजाबाहेरील वाचकांपर्यंतही पोहोचले. दिब्रिटो यांचे सुबोध बायबल २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीतही त्यांचा पुढाकार होता. विहिरींचे पाणी, बागायती जमिनी व गावांचे स्वरूप यांच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या या चळवळीत विविध धर्मांचे लोक सहभागी झाले.

१९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला. त्याचे मुख्य चर्च पापडी येथे आहे. पहिले बिशप टॉमस डाबरे हे वसईचेच असून संत तुकारामांच्या ईश्वरानुभवावर त्यांनी प्रबंध लिहिला आहे.

वाढत्या नागरीकरणामुळे बागायती आक्रसत असून नव्या पिढीतील कादोडीचा वापरही कमी होत आहे. शेती आणि बोली यांच्या आधारे सत्तांतरातून तरलेल्या या समाजापुढील आजचा प्रश्न प्रामुख्याने हाच आहे. किल्ल्यातील चर्चांचे अवशेष आता पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात गोन्सालो गार्सिया याच्या सणानिमित्त किल्ल्यातील जुन्या जेझुइट चर्चमध्ये परिसरातील भाविक एकत्र जमतात आणि तेथे मराठीत उपासना होते.