चुलीपाशीची शाळा: मोरोक्कोचा धडा आणि काळीकाठचा स्वयंपाक

परमुलखात गेलेल्या माणसाने तिथले जेवण चाखावे, ही पर्यटनाची जुनी रीत आहे. परंतु तेच जेवण रांधायला शिकण्यासाठी सुट्टी काढून मुद्दाम एखाद्या गावी राहायला जाणे, हा प्रकार गेल्या काही दशकांत रुजला असून त्याला पाककला-पर्यटन असे नाव मिळाले आहे. अशा प्रवासात पाहुणा यजमानाच्या स्वयंपाकघरात शिकाऊ म्हणून शिरतो, त्याच्याबरोबर बाजारहाट करतो, निवडणे-चिरणे-वाटणे यांत हात घालतो आणि स्वतः रांधलेले जेवून उठतो. या पर्यटनासाठी जगभर नावाजलेल्या देशांत मोरोक्कोचे स्थान वरचे आहे. तिथे नेमके काय शिकवले जाते आणि कोण शिकवते, हे समजून घेतले, तर उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात, काळी नदीच्या काठी असलेल्या गणेशगुडीसारख्या गावी अशा शिक्षणाची केवढी सामग्री आधीपासूनच आहे, हे ध्यानात येते.

मोरोक्कोच्या मराकेश आणि फेस या शहरांत शिकायला येणाऱ्यांचा पहिला परिचय बहुधा ताजीनशी होतो. ताजीन म्हणजे मातीचे पसरट, जाड बुडाचे भांडे आणि त्यावर बसणारे शंकूच्या आकाराचे उंच झाकण. कोळशाच्या मंद आचेवर मांस, भाज्या, खारवलेली लिंबे आणि ऑलिव्ह त्यात शिजत असताना वर गेलेली वाफ झाकणाच्या आतल्या बाजूस थंडावून पुन्हा खाली ओघळते, त्यामुळे पाणी अगदी थोडे घालूनही पदार्थ आपल्याच रसात शिजतो. याहून अवघड धडा कुसकुसचा असतो. परातीत घेतलेल्या गव्हाच्या रव्यावर पाण्याचा शिपका मारायचा, कोरडे पीठ भुरभुरवायचे आणि तळहात गोल गोल फिरवत त्याचे बारीक दाणे वळायचे, ही त्याची पहिली पायरी होय. मग ते दाणे मोदकपात्रासारख्या दुमजली भांड्यात वरच्या बाजूस ठेवून, खाली शिजणाऱ्या रश्श्याच्या वाफेवर उकडतात. एकदा उकडल्यावर ते परातीत काढून, पाणी आणि तेल लावून, हाताने मोकळे करून पुन्हा वाफेवर चढवतात आणि हा क्रम दोन-तीन वेळा चालतो. दाणा किती ओला असावा, याचे माप वाटी-चमच्यांत सांगता येत नाही, ते तळहातालाच कळावे लागते. युनेस्कोने 2020 साली कुसकुसचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला, तेव्हा अल्जीरिया, मॉरिटानिया, मोरोक्को आणि ट्युनिशिया या चार देशांनी मिळून मागितलेल्या त्या मान्यतेत तयार पदार्थाइतकेच तो करण्याचे ज्ञान आणि त्याभोवतीच्या चालीरीती यांना महत्त्व होते.

हे ज्ञान जपणाऱ्या स्त्रियांची ओळख मात्र बराच काळ झाली नाही. मोरोक्कोतील श्रीमंतांच्या वाड्यांत स्वयंपाक सांभाळणाऱ्या स्त्रियांना ‘दादा’ म्हटले जाई आणि त्यांतील अनेकजणी सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडून गुलाम म्हणून आणलेल्या कुटुंबांतल्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हाताची चव घराण्याच्या नावावर जमा होत आली, त्याच परंपरेतल्या स्त्रिया आज मराकेशमधील काही पाकशाळांत गुरू म्हणून उभ्या राहतात. त्याच शहरातील अमल हे केंद्र तर गरजू स्त्रियांना स्वयंपाकाचे व्यावसायिक शिक्षण देते, उपाहारगृह चालवते आणि पाहुण्यांसाठी पाकवर्गही घेते. मोरोक्कोचा खरा धडा इथे आहे: रांधणाऱ्या बाईला शिक्षिका मानले आणि तिच्या ज्ञानाचे मोल तिच्याच हाती दिले, तरच पाककला-पर्यटनाला अर्थ येतो.

मराठी समाजात स्वयंपाक पुस्तकांतून शिकण्याची परंपराही भक्कम आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ 1910 साली आणि कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ 1970 साली प्रसिद्ध झाले. उत्तर कन्नडच्या भूमीशी जवळचे नाते असलेल्या सारस्वत समाजाच्या पाककृती मुंबईच्या सारस्वत महिला समाजाने 1943 साली ‘रसचंद्रिका’ या मराठी पुस्तकात ग्रथित केल्या. माहेरापासून दूर शहरात संसार मांडणाऱ्या असंख्य स्त्रियांना या पुस्तकांनी हात दिला. परंतु पुस्तक लिहिले जाते ते लिहू-वाचू शकणाऱ्या घरांतले. त्याच उत्तर कन्नडच्या डोंगराळ भागात राहणाऱ्या कुणबी समाजाचे अन्नज्ञान मात्र प्रामुख्याने तोंडी आणि हातांनीच पुढे चालत आले आहे, आणि म्हणूनच ते शिकायचे तर त्या चुलीपाशी जाऊन बसणे, हाच त्याचा सरळ मार्ग ठरतो.

जोयडा तालुका सह्याद्रीच्या घनदाट जंगलात, गोव्याच्या सीमेला लागून आहे. काळी नदी याच तालुक्यात डिग्गीच्या परिसरात उगम पावते आणि सुमारे 184 किलोमीटर वाहून कारवारजवळ समुद्राला मिळते. गणेशगुडीला या नदीवर 101 मीटर उंचीचे सुपा धरण आहे. त्याच्या जलाशयात जुने सुपा गाव बुडाले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला हलले आणि विस्थापितांपैकी अनेकांनी रामनगरला नवी घरे मांडली. उत्तर कन्नड जिल्हा 1862 पासून 1956 पर्यंत आधी मुंबई इलाख्यात आणि नंतर मुंबई राज्यात होता, आणि कारवार, हल्याळ, जोयडा या पट्ट्यात कोकणी व मराठी बोलणारी वस्ती जुनी आहे. त्यामुळे मराठी पाहुण्याला इथल्या चुलीपाशी दुभाष्याची गरज क्वचितच भासते. धरणातून वीजनिर्मितीसाठी सोडलेल्या पाण्यावर चालणारे राफ्टिंग आणि धनेशासारखे पक्षी यांसाठी आज गणेशगुडी ओळखली जाते. पर्यटक नदी पाहतात, रान पाहतात. त्या रानाने घडवलेले अन्न मात्र बहुतेकांच्या ताटापर्यंत पोहोचत नाही.

या अन्नाचा पाया भात, नाचणी आणि कंद यांवर उभा आहे. डोंगरउतारावरचे रान तोडून, जाळून त्या राखेत नाचणीसारखी धान्ये पेरण्याच्या ‘कुमरी’ शेतीवर एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने कडक निर्बंध आणले, तेव्हा घराभोवतीची परसबाग आणि तिच्यात पिकणारे कंद यांचे महत्त्व ओघानेच वाढले. वेलीला जमिनीखाली लागणारे जांभळ्या गराचे कोनफळ, हवेत लोंबणारे करांदे, काटेकणग, सुरण, रताळी आणि अळूच्या जातीचा ‘मुडली’ हा इथला खास कंद, अशी ही श्रीमंती आहे. थंडीच्या दिवसांत जोयड्याला भरणाऱ्या कंदमेळ्यात कुणबी शेतकरी आपापल्या परसातले कंद मांडून बसतात, त्या वेळी ही विविधता एकाच मांडवाखाली पाहता येते आणि बियाण्यांची देवघेवही होते.

कंद रांधणे हे वरवर सोपे दिसले, तरी त्यामागे सूक्ष्म ज्ञान असते. सुरण आणि अळू यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. ते त्वचेत आणि घशात रुततात, म्हणून खाज सुटते. अनुभवी बाई सुरण चिरण्याआधी हातांना तेल चोळते, फोडी चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात टाकते आणि पुरत्या शिजल्याखेरीज उतरवत नाही. आंबट पदार्थाने खाज मोडते, हे सांगायला तिला रसायनशास्त्राची परिभाषा लागत नाही. करांद्यांचा कडवटपणा घालवण्यासाठी ते राखेच्या पाण्यात उकडून घेण्याची रीत आहे. पावसाळ्यात फुटणारे बांबूचे कोवळे कोंब, ज्यांना कोकणात वास्ते आणि गोव्याकडे किल्ल म्हणतात, त्यांत पोटात गेल्यावर सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात. म्हणून ते बारीक चिरून पाण्यात भिजत ठेवतात, पाणी वरचेवर बदलतात आणि उकळून ते पाणी फेकून देतात, मगच त्यांची भाजी होते. जे विषारी वा खाजरे आहे, ते खाण्याजोगे करण्याची ही विद्या कोणत्याही पाककृतीपेक्षा मोठी आहे, आणि ती चुकीच्या हाती अर्धवट पडली तर घातकही ठरू शकते. त्यामुळे ती शिकायची ती जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच.

आंबटपणा हा या भागातल्या स्वयंपाकाचा दुसरा आधार. एप्रिल-मे महिन्यांत पिकलेल्या कोकमफळांच्या साली काढून, त्या फळांच्याच मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात वाळवतात, वाळल्या की पुन्हा बुडवतात. असे अनेकदा केल्यावर आमसूल काळेभोर, लवचीक आणि टिकाऊ बनते. तिरफळाचे तंत्र वेगळे आहे. त्यातल्या काळ्या बिया काढून टाकून फक्त टरफले घ्यायची, ती वाटणात न घालता किंचित ठेचून माशांच्या कालवणात शेवटी-शेवटी सोडायची, म्हणजे त्यांचा झणका रश्श्यात उतरतो, पण कडूपणा येत नाही. जंगलपट्ट्यातली झाडावरच्या लाल मुंग्यांची आंबट-तिखट चटणीही याच चवीच्या कुळातली. ओडिशातील सिमलीपालच्या अशाच चटणीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून अशा रानअन्नाकडे पाहण्याची नजर थोडी बदलू लागली आहे.

या सगळ्याचे वेळापत्रक ऋतू ठरवतो, आणि शिकण्याच्या सुट्टीची आखणीही त्यानुसारच करावी लागेल. हिवाळ्यात आलेल्याने कंद खणावेत, ओळखावेत आणि शिजवावेत; उन्हाळ्यात आलेल्याने आमसुले, फणसाची सांदणे आणि वाळवणे यांचे काम शिकावे. राफ्टिंगचा हंगाम पावसाळ्यात थंडावतो, परंतु स्वयंपाकघर नेमके त्याच काळात सर्वांत संपन्न असते: टाकळा आणि फोडशीसारख्या रानभाज्या, वास्ते, अळंबी आणि हळदीची कोवळी पाने यांचे दिवस ते हेच. पातोळ्या करायला बसलेल्या शिकाऊ माणसाला भिजवून वाटलेल्या तांदळाचे पीठ हळदीच्या पानावर बोटांनी पातळ सारवताना, मध्ये गूळ-खोबऱ्याचे सारण भरून पान दुमडताना आणि वाफेवर उकडल्यावर ते अलगद सोलताना एक गोष्ट उमगते, की पीठ जाड राहिले तर पातोळी चिकट होते आणि जास्त पातळ झाले तर फाटते, आणि या दोहोंमधला अदमास तिसऱ्या-चौथ्या पानानंतर आपोआप बोटांत येऊ लागतो. पर्यटक विरळ असतात अशा महिन्यांत घरातल्या स्त्रियांना यातून उत्पन्न मिळू शकते, ही जमेची मोठी बाजू होय.

मात्र अशा उपक्रमाला काही पथ्ये पाळावी लागतील. हा परिसर काळी व्याघ्र प्रकल्पाच्या कुशीत आहे. स्थानिक वनवासींना 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर हक्क मिळू शकतात, पण पाहुण्याने रानात शिरून स्वतः काही ओरबाडणे हे नियमाला आणि रानालाही धरून नाही. उप्पागे या कोकमाच्या भाईबंद फळाचा अनुभव इथे बोलका आहे. 1990 च्या दशकात वजन घटवण्याच्या औषधांसाठी त्याच्या सालीतील आम्लाला परदेशातून मागणी आली, तेव्हा उत्तर कन्नडच्या जंगलांत अपक्व फळे उतरवण्याची आणि फांद्या तोडण्याची स्पर्धा लागली. बाजाराला फक्त फळ हवे होते; झाडाशी आणि त्याच्यासोबत राहणाऱ्यांशी त्याला देणेघेणे नव्हते. शिकायला येणारा पाहुणा याच्या उलट वागू शकतो, कारण त्याला वस्तूपेक्षा रीत हवी असते, आणि रीत माणसाशिवाय मिळत नाही.

म्हणून गणेशगुडीच्या परिसरात असे वर्ग सुरू व्हायचे असतील, तर त्यांची बांधणी पहिल्या दिवसापासून योग्य पायावर व्हायला हवी. शिकवणाऱ्या बाईचे मानधन खोलीच्या भाड्यात मिसळून न टाकता तिच्या हाती स्वतंत्रपणे पडावे. तिची पाककृती कुठे छापली किंवा चित्रित केली, तर तिचे आणि तिच्या समाजाचे नाव तिच्यासोबत यावे. गटात माणसे मोजकी असावीत, आणि कंद-धान्य त्याच गावच्या परसातून, रास्त भावाने विकत घेतले जावे. महाराष्ट्राने 2020 साली कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले असल्याने कोकणातील आणि चंदगड-दोडामार्ग पट्ट्यातील शेतकरी कुटुंबांनाही हीच वाट मोकळी आहे. परसात मुडली लावण्याचे कष्ट पुढची पिढी घेईल की नाही, हे शेवटी त्या कष्टांना मान आणि मोबदला मिळतो की नाही यावर अवलंबून आहे. चार दिवसांची सुट्टी काढून मनापासून शिकायला येणारा पाहुणा हे दोन्ही देऊ शकतो, आणि तेवढ्यासाठी तरी मराठी पर्यटकाने काळीच्या काठी नदीइतकाच वेळ चुलीपाशी घालवावा.